पलीकडे कोण आहे?

संगणकाच्या धंद्यातल्या माणसानं रोजच्या तंत्रज्ञानाबद्दल, इंटरनेटबद्दल आणि स्वतःच्या नोकरीबद्दल केलेलं चिंतन, हा आता एक वेगळा लेखनप्रकारच झाला आहे. त्याचं नाव माहीत नसलं तरी तुम्ही तो नक्की वाचलेला असतो. कुणी महिनाभर सगळी नोटिफिकेशन्स बंद ठेवतो आणि त्या शांततेबद्दल लिहितो. कुणी नोंदी ठेवायचं ॲप बदलतो आणि त्या निमित्तानं स्मरणशक्तीबद्दल लिहितो. कुणाचा कोड आता एआय लिहू लागलेला असतो, आणि आपल्या बोटांना आता काय काम उरलं, असा प्रश्न त्याला रविवारी दुपारी पडलेला असतो.

हे लेख बहुतेकदा चांगले लिहिलेले असतात. आवाज शांत असतो, वाक्यं नेटकी असतात, आणि शेवटी आपणही फोन थोडा बाजूला ठेवावा असं वाटून जातं. पण असे दहा-बारा लेख ओळीनं वाचले की एक गोष्ट खटकायला लागते. या लेखांमध्ये दुसरं माणूसच नसतं. लेखक असतो, त्याचा स्क्रीन असतो, आणि त्याचं सतत विखुरणारं लक्ष असतं. हा माणूस दिवसभर ज्यांच्यासाठी काहीतरी बनवतो ते लोक कुठं गेले, हे कळत नाही. सुतारानं खुर्चीबद्दल पाच पानं लिहावीत आणि त्यावर कुणी बसतं का याचा उल्लेखही करू नये, तसं काहीसं.

मला हा लेखनप्रकार मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याशी थोडं भांडायचं आहे. माझ्यापुरती त्याची एक साधी कसोटी आहे : या लेखात स्क्रीनच्या पलीकडे कुणी आहे का? असल्यास, लेखक त्या माणसाकडे किती वेळ बघतो? या कसोटीवर इंग्रजीतले तीन नमुने तपासून पाहू. तिन्ही उत्तम आहेत, आणि तिन्ही कुठं थांबतात हे बघण्यासारखं आहे.

*

पहिलं पुस्तक १९९७ सालचं, एलन उलमन यांचं 'क्लोज टू द मशीन'. उलमन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्रोग्रामर होत्या. स्वतंत्रपणे कामं घ्यायच्या, आणि हे पुस्तक लिहिलं तोवर त्यांना या धंद्यात बरीच वर्षं झाली होती. पुस्तकाच्या नावाचा अर्थ यंत्राच्या जवळ असा. प्रोग्रामरला कोड लिहिताना जी तंद्री लागते, तिचं वर्णन त्या इतकं आतून करतात की ज्यानं कधी रात्री दोन वाजता बग शोधला आहे त्याला ते लगेच ओळखू येतं. भूक नाही, झोप नाही, समोर फक्त प्रश्न आणि त्याचं उत्तर.

बहुतेक लेखक त्या तंद्रीपाशीच थांबले असते. उलमन तिथून उठतात. एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी एक प्रणाली बनवायचं काम त्यांच्याकडे असतं. कागदावरचा आराखडा सुंदर असतो. मग ज्यांना ती रोज वापरायची आहे ती माणसं बैठकीला येतात, आणि आराखड्याची घडी विस्कटायला लागते. त्यांच्या अडचणी आराखड्यात बसणाऱ्या नसतात. प्रोग्रामरच्या मनात त्या क्षणी काय येतं, हे उलमन लपवत नाहीत : ही माणसं मध्ये आली नसती तर बरं झालं असतं.

या पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र एका लहान कचेरीतला आहे. मालक सज्जन आहे. त्याचं ऑफिस सांभाळणारी बाई त्याच्याकडे कित्येक वर्षं काम करते आहे. त्याची मुलं लहान असताना त्यांना शाळेतून आणण्याइतकी घरची. नवी संगणक प्रणाली बसल्यावर मालकाला एक कल्पना सुचते. ही बाई दिवसभर कीबोर्डवर काय काय दाबते, त्याची नोंद ठेवता येईल का? तिच्यावर त्याचा संशय नाही. तिची काही तक्रार आलेली नाही. नोंद ठेवता येते, एवढंच कारण.

उलमन मालकाला खलनायक करत नाहीत, म्हणून हा प्रसंग पुसला जात नाही. त्यांचं म्हणणं असं की संगणक हातोड्यासारखा निर्विकार असतो, त्यानं घर बांधायचं की डोकं फोडायचं हे आपल्यावर आहे, यावर विश्वास ठेवायला त्यांना आवडलं असतं. पण तसं दिसत नाही. यंत्राच्या तर्कातच असं काही असतं की ते आजूबाजूच्या जगाला आपल्यासारखं करून घेतं. यंत्र मोजतं, म्हणून माणसालाही मोजावंसं वाटू लागतं.

आता हे १९९७ मधल्या अमेरिकेतल्या एका मालकाबद्दल आहे असं समजून पुढं जाता येतं. पण व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या २०१४ मध्ये, आणि तेव्हापासून आपण सगळेच छोटे छोटे मालक झालो आहोत. मैत्रिणीनं मेसेज वाचला किती वाजता, उत्तर दिलं किती वाजता, ती शेवटची ऑनलाइन कधी होती. जेवण घेऊन येणाऱ्या मुलाचा ठिपका नकाशावर एका चौकात तीन मिनिटं थांबला तर आपल्याला ते दिसतं, आणि दिसलं की आपण विचारतो, हा थांबला का? हॉटेलातून डबा घेऊन सायकलवर येणाऱ्या पोऱ्याबद्दल असा प्रश्न कुणाला पडत नव्हता. तो थांबत असणारच. पाणी पीत असेल, चेन चढवत असेल. तेव्हा तो दिसत नव्हता, म्हणून सुटत होता.

उलमन यांच्या पुस्तकाची मर्यादा सांगायची तर ती इथंच आहे. ज्या बाईवर नजर ठेवायची, तिचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मालकाच्या मनात आणि प्रोग्रामरच्या मनात काय चाललं आहे ते कळतं. पलीकडे कोण आहे हे दिसतं. पण ती बोलत नाही.

*

दुसरा नमुना अगदी वेगळ्या जातीचा. माचेय त्सेग्वोव्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत राहणारा प्रोग्रामर. वेबवरचे दुवे साठवून ठेवायची 'पिनबोर्ड' नावाची सेवा तो एकट्यानं चालवत आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सिडनीतल्या एका परिषदेत त्यानं 'द वेबसाइट ओबेसिटी क्रायसिस' असं भाषण दिलं. वेबची पानं लठ्ठ होत चालली आहेत, हा विषय. नंतर ते भाषण लेख म्हणूनच जास्त वाचलं गेलं.

त्याची मोजपट्टी भन्नाट आहे. मुख्यतः मजकूर असलेलं वेबचं पान, रशियन साहित्यातल्या मोठ्या कादंबऱ्यांपेक्षा बाइट्समध्ये जड असता कामा नये, असं तो म्हणतो. मग एकेक पान तराजूत टाकतो. वेब हलकं कसं ठेवावं हे शिकवणारे लेखच किती जड आहेत, हे दाखवतो. पानावर उगाच घातलेल्या मोठमोठ्या फोटोंसाठी त्याची वेगळी परीक्षा आहे : प्रत्येक फोटोच्या जागी विल्यम हॉवर्ड टाफ्ट या वजनदार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा फोटो लावा. पान सुधारलं का? सुधारलं असेल, तर मूळ फोटो तिथं कशाला होता?

हा विनोद मराठी वाचकाला सहज कळतो, पण त्यात आपली एक भर घालायला हवी. आपल्याकडे वजनाचा प्रश्न अक्षरापासूनच सुरू होतो. वेबवर मजकूर साठवायची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे वेगळे मोजायचे. 'मराठी' हा शब्द लिहायला म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. एसएमएसच्या काळात याचा हिशोब आणखी रोकडा होता. रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७०. पैसे तेवढेच. 'कुठे आहेस' हे रोमन लिपीत लिहायची सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांना लागली. त्याला भाषेबद्दलची अनास्था हे एक कारण असेल, पण हा हिशोबही त्यामागे होता.

तरीसुद्धा मजकूर हलकाच असतो. या लेखाएवढा मराठी लेख तीन-तीन बाइट धरूनही चाळीस किलोबाइटच्या आसपास भरेल. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो सहज दोन-तीन मेगाबाइटचा असतो. त्यात असे पन्नास-साठ लेख मावतील. म्हणजे पान उघडायला वेळ लागतो तो अक्षरांमुळे नाही. जाहिराती, तुमच्या मागावर राहणारे ट्रॅकर, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, यांचं ते ओझं असतं. त्सेग्वोव्स्कीचा रागही त्यावरच आहे.

मग हे भाषण आपल्या कसोटीवर कुठं बसतं? पलीकडे कुणीतरी वाट बघत बसलं आहे, याची जाणीव त्यात सतत आहे, आणि ही जाणीव असलेले प्रोग्रामर फार नसतात. पण त्याचा विनोद इतका चांगला आहे की वाट बघणारा माणूस हसण्याच्या आवाजात हरवतो. सभागृहात बसलेल्या डिझायनरांना आपली फजिती झाल्याचं कळतं. त्या फजितीची किंमत कुणी मोजली हे कळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला, आणि जड पानाची तक्रार जुनी वाटायला लागली. ती संपलेली नाही, फक्त जागा बदलून बसली आहे. आता ओझं स्वस्त फोनच्या प्रोसेसरवर पडतं, 'स्टोरेज फुल' झालेल्या मेमरीवर पडतं. अर्जाचं पान पूर्ण उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. ज्याच्या हातात तो फोन असतो, त्याला यात विनोद दिसत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. जड पान बनवणाऱ्याचा दोष वापरणाऱ्याच्या अंगाला असा चिकटतो, आणि हे सिडनीतल्या व्यासपीठावरून दिसणं अवघड होतं.

*

तिसरा नमुना सगळ्यात लाडका. रॉबिन स्लोन हा 'मिस्टर पेनम्ब्राज ट्वेंटी-फोर-अवर बुकस्टोअर' या कादंबरीचा लेखक. त्याआधी तो ट्विटरमध्ये कामाला होता. २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं एक छोटा निबंध लिहिला. ॲप हे घरच्या जेवणासारखंही असू शकतं, असं त्याचं शीर्षकच सांगतं. त्याच्या घरातली मंडळी एकमेकांना फोटो आणि छोटे व्हिडिओ पाठवायला एक ॲप वापरायची. ते बंद पडलं. मग स्लोननं आठवडाभरात स्वतःच एक ॲप लिहिलं, फक्त घरच्यांसाठी. वापरणारे एकूण चार. त्यात लॉगिन नाही, सेटिंग्ज नाहीत, कारण विचारायचं काही उरलेलंच नाही. प्रत्येक जण कोण आहे हे लिहिणाऱ्याला जन्मापासून माहीत आहे.

आपल्या कसोटीला इथं पैकीच्या पैकी गुण. पलीकडे आई आहे. 'युजर' हा शब्द या निबंधाला लागू पडत नाही. आणि त्यातून निघणारा विचार खरोखर मोठा आहे : प्रोग्रामिंग येणाऱ्या प्रत्येकानं हॉटेल उघडायला हवं असं थोडंच आहे? घरात चार माणसांना पुरेल एवढं करता येणं, ही स्वतंत्र किंमत असलेली गोष्ट आहे. आता एआयला साध्या भाषेत सांगून असं चार माणसांचं ॲप बनवता येऊ लागलं आहे, त्यामुळे हा निबंध लिहिला तेव्हापेक्षा आज जास्त लोकांना लागू पडतो.

पण 'घरचं जेवण' ही उपमा मराठी घरात वाचली की तिला जरा वेगळी चव येते. स्लोनच्या स्वयंपाकघरात उत्साह आहे, माया आहे, सुट्टीची दुपार आहे. आपल्याकडे घरचं जेवण म्हणजे रोज सकाळी उठून पडणारा 'आज भाजी काय करायची' हा प्रश्न. सणाला कामाला जुंपून घेणं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसणं. घरच्या जेवणाची महती गाणारे आणि ते रोज रांधणारे हात, हे आपल्याकडे फार क्वचित एकाच माणसाचे असतात.

मजा म्हणजे स्लोनच्या ॲपमध्येही हा भाग आहे, फक्त उपमेच्या प्रकाशात तो दिसत नाही. ॲप घरच्यांच्या फोनवर पोहोचवायला त्यानं ॲपलची 'टेस्टफ्लाइट' ही चाचणीची सोय वापरली. तिथं ठेवलेली ॲपची प्रत ९० दिवसांत बाद होते. म्हणजे आईला लेकीचा व्हिडिओ दिसत राहायला हवा, तर कुणीतरी दर तीन महिन्यांनी आठवणीनं पुन्हा चूल पेटवायला हवी. आजारी असो, कंटाळा असो. सॉफ्टवेअर एकदा रांधून संपत नाही. ते रोजचं आहे. स्लोन पहिल्या पंगतीबद्दल लिहितो. नव्वदाव्या दिवसाबद्दल कुणीतरी लिहायला हवं आहे.

*

आता आपल्याकडे येऊ. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली, नागपूरचं मिहान : मराठी बोलणारी केवढी माणसं रोज हे काम करतात. त्यातल्या कित्येकांना वाचनाचा नाद आहे, काहींना लिहिण्याचाही. मग मराठीत या प्रकारचं लेखन विरळ का?

मराठीत तंत्रज्ञानावर लिहिलं जात नाही असं मुळीच नाही. समजावून सांगण्याची आपली परंपरा घट्ट आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. अच्युत गोडबोले यांनी संगणकापासून अर्थशास्त्रापर्यंतचे विषय घराघरांत नेले, आणि 'मुसाफिर'मध्ये स्वतःचा सॉफ्टवेअर उद्योगातला प्रवासही सांगितला. पण समजावणं वेगळं, प्रवास सांगणं वेगळं, आणि मंगळवारच्या कामाबद्दल बुधवारी लिहिणं वेगळं. या तिसऱ्या जागी आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक यशोगाथेचा, ज्यात गावातला मुलगा शेवटी कॅलिफोर्नियात पोहोचतो. दुसरा गाऱ्हाण्याचा, ज्यात मोबाइलनं पोरं बिघडली. पहिल्यात काम दिसत नाही, फक्त पदं दिसतात. दुसऱ्यात बनवणारा माणूसच दिसत नाही, जणू मोबाइल आभाळातून पडले.

शब्द नाहीत, ही सबब पुरत नाही. ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा पिताना ऐका. सर्व्हर झोपलाय. बिल्ड फुटला. काल रात्री प्रॉडक्शन पडलं. या तिकिटानं डोकं खाल्लं. ही चांगली, रसरशीत मराठी आहे. क्रियापदं आपली, नामं आली तिथून आली. ती कागदावर येत नाही, कारण लिहायला बसलं की आपल्याला वाटतं आता 'संगणक प्रणालीत बिघाड उद्भवला' असंच लिहायला हवं. आणि या शुद्ध मराठीत 'युजर'चा 'वापरकर्ता' होतो. वापरकर्त्याला वय नाही, गाव नाही, चष्म्याचा नंबर नाही. तो कायम पुल्लिंगी, कायम एकवचनी.

खरं तर आपल्याला हे शिकायला सॅन फ्रान्सिस्कोला जायची गरज नव्हती. स्वतःच्या धंद्याच्या भाषेत मनातलं सगळ्यात मोठं बोलायचं, हे मराठीत शतकांपूर्वी होऊन गेलं आहे. सावता माळ्यांनी मळ्यातल्या मोटेची भाषा वापरली, नरहरी सोनारांनी मुशीची, सेना न्हाव्यांनी आरसा आणि चिमट्याची. अवजारांची नावं खालच्या दर्जाची आहेत, ती अभंगात शोभणार नाहीत, असं त्यांना वाटलं नाही. पुढं नारायण सुर्व्यांनी गिरणीतलं आणि रस्त्यावरचं जगणं कवितेत आणलं तेव्हाही तेच घडलं. या सगळ्यांच्या लेखनात काम आहे आणि कामाच्या पलीकडे कुणीतरी आहे, मग तो विठ्ठल असो वा शेजारचा कामगार. एकटा आपल्या लक्षाच्या विखुरण्याकडे बघत बसलेला माणूस तिथं नाही.

तेव्हा या लेखनप्रकाराकडून माझी मागणी फार मोठी नाही. डिजिटल शांततेचे लेख येऊ देत, वाचू. पण जो ओटीपीचा स्क्रीन बनवतो, त्यानं तो स्क्रीन आपल्या मावशीच्या हातात दिल्यावर काय झालं तेही लिहावं. तीस सेकंद आपल्याला पुरेसे वाटले होते. तिला आधी चष्मा शोधायचा होता, मग मेसेज उघडायचा होता, मग आकडे लक्षात ठेवून परत यायचं होतं. आणि लिहिताना तिथं थांबू नये. तिला विचारावं. तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांत यावं, अगदी 'मेलं ते तुमचं यंत्र' असं असलं तरी.

कॉल सेंटरवर शिव्या ऐकणारी मुलगी, गावात शंभर लोकांचे अर्ज भरून देणारा केंद्रचालक, स्वतःचा ठिपका नकाशावर हलताना बघणारा डिलिव्हरीवाला, यांच्याकडे या विषयाची अर्धी बाजू आहे, आणि ती कुठल्याच भाषेत पुरेशी लिहिली गेलेली नाही. यांतले अनेक जण फोनवर उत्तम मराठी टाइप करतात. या लेखाएवढा लेख चाळीस किलोबाइटचा असतो. त्यांच्या स्टोरेजमध्ये एवढी जागा नक्की असेल.